गाठ काढायची, की अंडाशय? : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच विषयावरची आहेत. सोनोग्राफीत अंडाशयात, म्हणजेच बीजांडकोशात, गाठ दिसली आहे, ती कर्करोगाची वाटत नाही असे डॉक्टरांनी सांगितले आहे आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया सुचवली आहे. आता पुढे काय करावे, असे या वाचकांनी विचारले आहे. म्हणून या वेळी संपूर्ण सदर याच विषयाला दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली असून नावे व गावे वगळली आहेत.

प्रश्न : माझे वय 27 आहे. ओटीपोटात दुखत होते म्हणून सोनोग्राफी केली, तेव्हा उजव्या अंडाशयात 4.2 सेंटिमीटरची पाण्याची गाठ दिसली. दोन महिन्यांनी माझे लग्न आहे. "दुर्बिणीतले छोटेसे ऑपरेशन आहे, दुसऱ्या दिवशी घरी जाल, लग्नाआधी मोकळ्या व्हा," असे मला सांगण्यात आले आहे. मी काय करावे?

उत्तर : अहवालात 'सिंपल सिस्ट' असे लिहिले असेल, म्हणजे गाठीला एकच कप्पा, पातळ भिंत व आत स्वच्छ पाणी असून कोठेही घट्ट भाग नसेल, तर माझा सल्ला थांबण्याचा आहे. पाळी चालू असलेल्या प्रत्येक स्त्रीच्या अंडाशयात दर महिन्याला एक बीजपुटिका वाढते, साधारण 2 सेंटिमीटरची झाली की फुटते आणि त्यातून स्त्रीबीज बाहेर पडते. एखाद्या महिन्यात ती फुटत नाही आणि तिच्यात पाणी साठत राहते, किंवा फुटल्यानंतर मागे उरलेल्या पीतपिंडात थोडे रक्त साठते. अशा गाठी बहुधा दोन-तीन पाळ्यांमध्ये आपोआप जिरतात. ब्रिटनच्या रॉयल कॉलेज ऑफ ऑब्स्टेट्रिशियन्स अँड गायनॅकॉलॉजिस्ट्स या संस्थेच्या 2011 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, पाळी चालू असलेल्या स्त्रीची 5 सेंटिमीटरपेक्षा लहान साधी गाठ पुन्हा तपासण्याचीही गरज नसते. 5 ते 7 सेंटिमीटरच्या गाठीसाठी वर्षातून एकदा सोनोग्राफी पुरते आणि त्याहून मोठ्या गाठीसाठी एमआरआय किंवा शस्त्रक्रियेचा विचार होतो. तुम्हाला दुखले होते, म्हणून सहा ते आठ आठवड्यांनी, पाळी संपता संपता, एकदा सोनोग्राफी करून घ्यावी. गाठ जिरवण्यासाठी गर्भनिरोधक गोळ्या देण्याची पद्धत आपल्याकडे अजून आहे. परंतु गोळ्यांनी अशी गाठ लवकर जिरते असे अभ्यासांत आढळलेले नाही.

छेद लहान असला म्हणून शस्त्रक्रिया लहान ठरत नाही. पोट उघडून असो वा दुर्बिणीतून, भूल पूर्णच द्यावी लागते, साधने पोटाच्या पोकळीत जातातच आणि गाठीच्या भिंतीबरोबर अंडाशयाचा थोडा निरोगी भागही निघून येतो. जी गाठ स्वतःहून जाणार आहे तिच्यासाठी ही किंमत मोजू नये. लग्नाची तारीख हे शस्त्रक्रियेचे वैद्यकीय कारण होऊ शकत नाही.

पीसीओडीतल्या (संप्रेरकांच्या बिघाडाने पाळी अनियमित होणाऱ्या विकारातल्या) गाठीही काढाव्या लागतात का, या दुसऱ्या एका वाचक भगिनीच्या शंकेचेही येथेच उत्तर देते. पीसीओडीमध्ये सोनोग्राफीत ज्या 'अनेक गाठी' दिसतात, त्या खऱ्या अर्थाने गाठी नसतात. वाढ अर्धवट थांबलेल्या त्या बारीक बीजपुटिका असतात. त्या काढून टाकण्याची शस्त्रक्रिया नसते.

प्रश्न : माझ्या 19 वर्षांच्या मुलीला डाव्या अंडाशयात 7 सेंटिमीटरची डर्मॉइड गाठ आहे. त्यात केस आणि दात असतात हे ऐकल्यापासून घरात नको त्या शंका काढल्या जात आहेत. दुर्बिणीतून करावे की पोट उघडून? पोट उघडले म्हणजे डॉक्टरांना सगळे डोळ्यांनी दिसते, असे माझ्या सासूबाईंचे म्हणणे आहे. मुलीला पुढे मूल होईल ना?

उत्तर : आधी त्या शंकांविषयी, कारण तुमच्या पत्रातील सर्वांत दुखावलेला भाग तोच आहे. ही गाठ म्हणजे गर्भ नव्हे, गर्भाचा अवशेष नव्हे आणि तिचा कोणाशीही आलेल्या संबंधाशी काडीचाही संबंध नाही. अंडाशयातील बीजपेशींमध्ये शरीरातील कोणतीही ऊती तयार करण्याची क्षमता असते. त्यांपैकी एखादी पेशी फलन न होताच वाढू लागली, तर तिच्यापासून त्वचा, केस, चरबी, क्वचित दात तयार होतात. लहान मुलींतही या गाठी आढळतात. घरातील मोठ्या माणसांना हे एकदा स्पष्ट शब्दांत सांगा. गरज वाटल्यास डॉक्टरांकडे जाताना त्यांना सोबत न्या.

डर्मॉइड आपोआप जिरत नाही. ती अगदी सावकाश वाढते, दहापैकी साधारण एका स्त्रीत दोन्ही बाजूंना असते आणि तिचे कर्करोगात रूपांतर फारच क्वचित होते. खरी काळजी वेगळी आहे. चरबीने भरलेली जड गाठ लोंबती राहिली की अंडाशयाला स्वतःच्या देठाभोवती पीळ पडू शकतो आणि रक्तपुरवठा तुटू लागतो. एका बाजूला अचानक असह्य दुखू लागले आणि त्याबरोबर उलट्या होऊ लागल्या, तर ते 'पित्त' समजून घरी थांबू नका. त्याच रात्री शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात पोहोचा. अशा वेळी पीळ सोडवल्यानंतर काळेनिळे दिसणारे अंडाशयही पुष्कळदा पुन्हा जगते, म्हणून केवळ रंग पाहून ते काढून टाकू नये, हे आज सर्वमान्य आहे. तुमच्या मुलीची गाठ 7 सेंटिमीटरची असल्याने, पीळ पडण्याची वाट न पाहता ठरवून शस्त्रक्रिया करणे योग्य होईल.

त्याआधी रक्ताच्या तीन तपासण्या झाल्या आहेत का, ते पाहा : एएफपी, बीटा एचसीजी आणि एलडीएच. या वयात ज्या थोड्या गाठी घातक निघतात, त्या बहुतांशी याच बीजपेशींपासून झालेल्या असतात आणि या तपासण्यांतून त्यांचा सुगावा लागू शकतो. अविवाहित मुलींच्या आयांना आणखी एक धास्ती असते, ती पत्रात लिहिली जात नाही. सोनोग्राफी लघवी भरलेली असताना पोटावरून करता येते आणि दुर्बिणीची साधने पोटातूनच जातात. योनिमार्गातून काहीही न घालता ही शस्त्रक्रिया होऊ शकते. तसे आधी सांगून ठेवावे.

आता शस्त्रक्रियेविषयी. पूर्ण भूल दिल्यावर बेंबीजवळ सुमारे 10 मिलिमीटरचा छेद घेतात आणि पोटात कार्बन डायऑक्साइड वायू भरतात, म्हणजे पोटाची भिंत तंबूसारखी वर उचलली जाते व आत काम करायला जागा होते. वायूचा दाब शस्त्रक्रियेच्या वेळी साधारण 12 ते 15 मिलिमीटर पाऱ्याइतका ठेवतात. टेबल डोक्याकडून खाली झुकवले की आतडी वर सरकतात आणि ओटीपोट मोकळे दिसते. बेंबीतून दुर्बीण आणि खाली 5 मिलिमीटरच्या दोन-तीन छिद्रांतून बारीक साधने आत जातात. पोट उघडल्यावर सगळे दिसते असे सासूबाई म्हणतात, ते त्यांच्या अनुभवाच्या काळाला धरून आहे. आज दुर्बिणीतून येणारे चित्र पडद्यावर कित्येक पटींनी मोठे दिसते आणि ओटीपोटावरच्या आडव्या 'बिकिनी' छेदातून सहजी न दिसणारे यकृत आणि छाती व पोट यांच्यामधल्या पडद्याखालचा भागही त्याच वेळी तपासता येतो.

प्रथम दुसरे अंडाशय पाहतात. मग गाठीवरच्या अंडाशयाच्या पातळ आवरणाला चीर देऊन गाठीची भिंत व निरोगी अंडाशय यांच्यामधली फट शोधतात आणि दोन चिमट्यांनी हळूहळू विरुद्ध दिशांना ओढत गाठ सोलून काढतात. भिजवलेल्या बदामाची साल जशी सुटते, तशी चांगल्या हातात डर्मॉइड सुटते. घाई केली तर ती फुटते, आणि त्यातील चरबी पोटात पसरली तर क्वचित आतल्या आवरणाला दाह होऊ शकतो. म्हणून गाठ एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून, त्या पिशवीतच रिकामी करून बेंबीच्या छेदातून काढतात. काही सांडलेच तर कोमट सलाइनने पोट पुन्हा पुन्हा धुतात. सर्जनला भेटाल तेव्हा पिशवी वापरणार का, हे जरूर विचारा.

गाठ निघाल्यावर उरलेले अंडाशय चुरगळलेल्या रुमालासारखे दिसते. पाहणाऱ्याला ते निकामी वाटेल, परंतु ते पूर्ववत होते आणि स्त्रीबीजे तयार करते. मूल होण्याच्या दृष्टीने छेदाच्या लांबीपेक्षा कागदावरचा एक शब्द अधिक महत्त्वाचा आहे. 'सिस्टेक्टॉमी' म्हणजे फक्त गाठ काढणे. 'ऊफोरेक्टॉमी' म्हणजे अंडाशयच काढून टाकणे. 19 वर्षांच्या मुलीसाठी पहिला शब्द लिहिलेला असला पाहिजे. दुर्बिणीतून गाठ सोलण्याचा सराव नसलेल्या सर्जनने अंडाशयच काढून टाकण्यापेक्षा, पोट उघडून फक्त गाठ काढलेली मला अधिक चांगली वाटते. दोन्ही साधत असेल, तर दुर्बीण निःसंशय बरी : वेदना कमी, आतले अवयव एकमेकांना चिकटणे कमी, घरी परतणे लवकर.

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत आतडे, मूत्राशय किंवा मोठ्या रक्तवाहिनीला गंभीर इजा होण्याचे प्रमाण हजारात साधारण दोन इतके सांगितले जाते. मध्येच पोट उघडावे लागले तर त्याला अपयश समजू नये.

सासूबाईंसाठी थोडा इतिहासही सांगते. अंडाशयाची गाठ पोट उघडून काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया डॉ. एफ्राइम मॅकडॉवेल यांनी 1809 च्या डिसेंबरात अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल या गावी केली. जेन टॉड क्रॉफर्ड या बाई घोड्यावरून कित्येक मैलांचा प्रवास करून तेथे आल्या होत्या. भुलीचा शोध लागायला अजून जवळजवळ चार दशके होती. 22 पौंडांहून अधिक वजनाची गाठ त्यांनी शुद्धीत राहून काढून घेतली आणि त्यानंतर त्या तीस वर्षांहून अधिक जगल्या. पुढे जर्मनीतील कील येथील स्त्रीरोगतज्ज्ञ कुर्ट झेम यांनी दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करण्याचे तंत्र व साधने घडवली. 1980 मध्ये त्यांनी दुर्बिणीतून अपेंडिक्स काढले, तेव्हा शल्यविशारदांनी त्यांच्यावर कडाडून टीका केली. सासूबाईंच्या मनात आलेली शंका त्या काळी नामवंत सर्जनांच्याही मनात होती.

प्रश्न : सुईने गाठीतले पाणी काढून घेतले तर शस्त्रक्रिया टळेल का?

उत्तर : बहुधा नाही. पाणी निघते, भिंत आतच राहते आणि निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये गाठ पुन्हा भरते. कर्करोगाची शंका असेल तर सुई घालणे धोक्याचे आहे.

प्रश्न : मी 34 वर्षांची आहे. दोन वर्षांपासून मुलासाठी प्रयत्न करत आहोत. दोन्ही अंडाशयांत चॉकलेट सिस्ट आहेत, एक 4 व एक 5 सेंटिमीटरची. एक डॉक्टर म्हणतात, आधी दुर्बिणीतून काढा. दुसरे म्हणतात, हात लावू नका, थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी) करा. विश्वास कोणावर ठेवावा?

उत्तर : दोघांपैकी कोणीही तुमची फसवणूक करत आहे असे मानू नका. या आजारात दोन्ही सल्ल्यांना आधार आहे, आणि योग्य सल्ला तुमच्या वेदना, तुमचे वय व तुमच्याकडे शिल्लक असलेला बीजसाठा यांवर ठरतो.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती अंडाशयात रुजली की दर पाळीला तिथेही रक्तस्राव होतो आणि साठलेले जुने रक्त चॉकलेटसारखे दिसते. डर्मॉइडला मी भिजवलेल्या बदामाची उपमा दिली. ही गाठ न भिजवलेल्या बदामासारखी असते. तिची साल सहज सुटत नाही, सोलताना अंडाशयाचा निरोगी थर बरोबर येतो, आणि रक्त थांबवण्यासाठी विजेने जाळले तर उरलेल्या भागातील बीजेही भाजली जातात. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर बीजसाठा दाखवणारी एएमएच ही पातळी घटते, आणि तुमच्यासारख्या दोन्ही बाजूंच्या गाठींत ती अधिक घटते. मानवी प्रजननाच्या क्षेत्रातील ईएसएचआरई या युरोपीय संस्थेने 2022 च्या मार्गदर्शक सूचनांत म्हटले आहे की, केवळ आयव्हीएफचे यश वाढावे म्हणून आधी अशी गाठ सरसकट काढू नये. वेदना तीव्र असतील, गाठीमुळे स्त्रीबीजे काढण्यास अडथळा येत असेल किंवा गाठीच्या स्वरूपाविषयी शंका असेल, तर मात्र शस्त्रक्रियेला कारण आहे.

तुम्ही वेदनांविषयी काहीच लिहिलेले नाही. पाळीत दुखणे औषधाने आवरत असेल, तर मी आधी तीन गोष्टी पाहीन : तुमचे एएमएच, गर्भनलिका मोकळ्या आहेत का आणि पतीची वीर्यतपासणी. पत्नीवर दुर्बिणीची शस्त्रक्रिया होऊन गेली आणि पतीची साधी तपासणी मात्र झालेलीच नाही, अशी जोडपी माझ्याकडे आजही येतात, आणि त्याचे मला प्रत्येक वेळी वाईट वाटते. एएमएच कमी असेल तर आधी शस्त्रक्रिया करू नये. स्त्रीबीजे किंवा गर्भ गोठवून मग पुढचा विचार करता येतो. एएमएच चांगले असेल आणि वेदना असह्य असतील, तर शस्त्रक्रियेनंतर नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता वाढू शकते. त्या वेळी सर्जनला सांगा की, रक्त थांबवण्यासाठी शक्य तेथे जाळण्याऐवजी टाका घालावा. केवळ पाणी काढून भिंत जाळण्यापेक्षा गाठ सोलून काढल्यास ती पुन्हा होण्याचे प्रमाण कमी असते, तरीही ती पुन्हा होऊ शकते. म्हणून ज्यांना लगेच मूल नको असते त्यांना शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकांची औषधे दीर्घकाळ देतात.

प्रश्न : माझ्या आईचे वय 56 असून पाळी जाऊन सहा वर्षे झाली. तिच्या एका अंडाशयात 6 सेंटिमीटरची गाठ आहे आणि सीए-125 हे 48 आले आहे. सीए-125 म्हणजे कॅन्सरच ना?

उत्तर : नाही. सीए-125 या रक्ततपासणीसाठी 35 ही नेहमीची मर्यादा धरतात. परंतु गर्भाशयातील फायब्रॉइडच्या गाठी, एन्डोमेट्रिओसिस (ज्यात वर सांगितलेल्या चॉकलेट सिस्ट होतात तो आजार), ओटीपोटातील जंतुसंसर्ग आणि आपल्याकडे विशेष लक्षात ठेवायला हवा असा पोटाचा क्षयरोग यांतही ते वाढते. उलट सुरुवातीच्या कर्करोगात ते कधी कधी सामान्यही असते. म्हणून हा आकडा एकटा वाचायचा नसतो.

पाळी गेलेल्या स्त्रियांत गाठ घातक असण्याचा धोका जोखण्यासाठी आरएमआय नावाचा एक हिशेब वापरतात. सोनोग्राफीतील पाच संशयास्पद लक्षणे पाहायची : गाठीत अनेक कप्पे, घट्ट भाग, दोन्ही बाजूंना गाठी, पोटात पाणी आणि इतरत्र पसरल्याच्या खुणा. यांपैकी एकही नसल्यास शून्य, एक असल्यास 1, दोन किंवा अधिक असल्यास 3 गुण. पाळी गेलेली असल्याचे 3 गुण. या दोन्हींचा सीए-125 शी गुणाकार करायचा. तुमच्या आईच्या गाठीत एकच लक्षण असेल तर 1 गुणिले 3 गुणिले 48, म्हणजे 144. दोन असतील तर 3 गुणिले 3 गुणिले 48, म्हणजे 432. साधारणपणे 200 च्या पुढे आकडा गेल्यास सीटी स्कॅन करून स्त्री-कर्करोगतज्ज्ञांकडे जावे. त्याखाली असल्यास दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करता येते. मात्र या वयात गाठ सोलत बसत नाहीत. दोन्ही अंडाशये नलिकांसह, न फोडता, पिशवीत घालून बाहेर काढतात, कारण ती आता बीजे देत नाहीत आणि गाठ अनपेक्षितपणे घातक निघालीच तर ती पोटात फुटलेली नसावी. कर्करोगाचा दाट संशय असेल तेव्हा लहान छेदाचा आग्रह धरू नये. अहवालातील वर्णन तुम्ही कळवलेले नाही. ते घेऊन या आठवड्यातच तज्ज्ञांना भेटा.

प्रश्न : माझ्या पत्नीच्या, वय 38, संमतिपत्रावर 'आवश्यक वाटल्यास अंडाशय व गर्भपिशवी काढण्यास संमती' असे छापलेले आहे. गाठ साधी आहे असे सांगतात. मी सही करावी का?

उत्तर : सही तुमची नव्हे, तुमच्या पत्नीची हवी, आणि तीही सगळे समजून घेतल्यावर. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2008 मध्ये याच स्वरूपाच्या प्रकरणात निकाल दिला आहे. दिल्लीतील एका स्त्रीने दुर्बिणीच्या तपासणीसाठी संमती दिली होती. ती भुलीखाली असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचे गर्भाशय व अंडाशये काढण्यात आली. शुद्धीवर येऊन निर्णय घेऊ शकणाऱ्या प्रौढ व्यक्तीच्या वतीने दुसऱ्या कोणी दिलेली संमती ग्राह्य नाही, आणि प्राण वाचवण्यासाठी तातडीची गरज नसेल तर संमतीच्या पलीकडची शस्त्रक्रिया करता येत नाही, असे न्यायालयाने स्पष्ट केले.

2019 मध्ये बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भपिशव्या काढल्या गेल्याचा प्रश्न राज्यभर गाजला आणि शासनाला चौकशी समिती नेमावी लागली. त्यापूर्वी आणि त्यानंतरही, 'मुले झाली आहेत, आता पिशवीचा उपयोग काय' हे वाक्य मी कित्येक दवाखान्यांबाहेर ऐकले आहे. 38 व्या वर्षी दोन्ही अंडाशये गेली तर त्या दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते. हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो आणि नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके घेण्याचा विचार करावा लागतो. साध्या गाठीसाठी गर्भपिशवी काढण्याचे काहीच कारण नाही. छापील ओळ खोडून तेथे हाताने लिहून घ्यावे : कोणत्या बाजूची गाठ, फक्त गाठ की अंडाशय, आणि कोणत्या परिस्थितीत अंडाशय काढण्यास पत्नीची मान्यता आहे. चांगले डॉक्टर याला आक्षेप घेत नाहीत.

खर्चाविषयीही तुम्ही विचारले आहे. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र असतात. ही शस्त्रक्रिया त्या रुग्णालयात योजनेखाली होईल का, हे दाखल होण्यापूर्वी त्यांच्याकडून कळून घ्या. खासगी विमा नवा असेल तर अशा गाठींसाठी प्रतीक्षाकाल असतो. पॉलिसीतील ते कलम आधी वाचा.

प्रश्न : परवाच दुर्बिणीतून गाठ काढली. पोटापेक्षा खांदा अधिक दुखतो आहे. काही चुकले का? पथ्य काय पाळावे?

उत्तर : खांदा दुखण्याचे कारण पोटात भरलेला वायू आहे. थोडा वायू उरला की छाती व पोट यांच्यामधला पडदा चाळवतो आणि ती वेदना खांद्याला जाणवते; दोन-तीन दिवसांत ती ओसरते. हळूहळू चालत राहिल्याने आराम पडतो. भात, तूप, दही, आंबट यांनी टाके पिकत नाहीत; रोजचे साधे जेवण घ्या. बैठे काम असेल तर एक-दोन आठवड्यांत कामावर जाता येईल. पाण्याच्या कळशा, गॅसचा सिलिंडर उचलणे काही आठवडे टाळा.

या शस्त्रक्रियेनंतर दुखणे रोज आदल्या दिवसापेक्षा कमी झाले पाहिजे. दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी ते उलट वाढू लागले, पोट फुगले, ताप आला, उलट्या सुरू झाल्या किंवा लघवी होईना, तर फोनवर औषध विचारू नका. जिथे शस्त्रक्रिया झाली तिथे लगेच परत जा, कारण आतड्याची लहानशी इजा याच दिवसांत लक्षणे दाखवते. आणि सुमारे आठवड्याभराने गाठीच्या तपासणीचा पॅथॉलॉजी अहवाल येईल, तो स्वतः जाऊन घ्या. गाठ साधी होती, हे सोनोग्राफीवरून किंवा दुर्बिणीतून पाहून केलेले अनुमान असते. ते निश्चित होते या अहवालाने, आणि पुष्कळ कुटुंबे टाके निघाल्यावर तो आणायला जातच नाहीत.